आत्याचं बोट आणि तीन बगळे

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक पाहुणा नजरेसमोर आणा. हा पाहुणा तुमच्या घरी मुक्कामाला आलाय. आवाज असा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. पण एका वेळी तो एकच सूर लावतो. दोन सांगितले तर त्यातला एक ऐकतो आणि दुसरा सोडून देतो. सुरुवातीला त्याचा घसा बसलेला असतो, अंग तापल्याशिवाय तो खुलत नाही. पंख्याचा वारा लागला की बेसूर होतो. आणि काल तुम्ही त्याला जे काही शिकवलंत, त्यातलं त्याला आज काहीही आठवत नाही. असा पाहुणा तुम्ही किती दिवस ठेवून घ्याल?

भिंगरीच्या बाबांनी तो हौसेने विकत आणला होता.

उघडा आता डोळे. पाहुणा म्हणजे एक सिंथेसायझर होता. उशीएवढं यंत्र, पुढे पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर फिरवायच्या बटणांच्या रांगा. हल्लीच्या वाद्यांत एक कळ दाबली की बासरी आणि दुसरी दाबली की तबला वाजतो. तसलं यात काही नव्हतं. याच्या पोटात फक्त वीज थरथरायची. भराभर थरथरली की सूर बारीक, सावकाश थरथरली की जाड. वरची बटणं म्हणजे कुणी गाळणी, कुणी नळ, कुणी दार. गाळणी फिरवली की आवाजातला खरखरीतपणा गळून जायचा, नळ फिरवला की आवाज हळूहळू यायचा नाहीतर भसकन यायचा. ही सगळी बटणं कशी लावून ठेवलीत, त्यावर त्या दिवशीचा आवाज ठरायचा. ज्या वाजवणाऱ्याकडून बाबांनी ते घेतलं, तो म्हणाला होता, "साहेब, हा एकच सूर देतो, पण खरा देतो." बाबा त्या वाक्यावर इतके खूश झाले, की पुढचं काही विचारायचं राहूनच गेलं.

आता भिंगरी. हे तिचं शाळेतलं नाव नव्हे, पण एका जागी बसली तर शपथ, म्हणून घरीदारी हेच नाव. तिच्या वर्गाचं बाहुल्यांचं नाटक व्हायचं होतं. त्यात तिला एकही बाहुली मिळाली नव्हती, कारण चाचणीच्या वेळी तिची बाहुली रडायला लागली आणि भिंगरीला हसू आवरेना. ती घरी येऊन कोपऱ्यात बसली. ती बसली म्हटल्यावर घर घाबरलं. दुसऱ्या दिवशी बाबा तिला सोडायला गेले आणि शाळेच्या फाटकातच नाटकाच्या बाईंना म्हणाले, "नाटकाचं संगीत आमच्याकडून. माझं आणि हिचं. घरी सगळी सोय आहे."

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "द्या की. शेवटी तीन बगळे तळ्याकाठी येतात आणि एका सुरात बोलतात. तेवढं झालं तरी पुरे. पण शुक्रवारी सकाळी हातात पाहिजे. नाहीतर दरवर्षीचं आहेच आमच्याकडे."

दरवर्षीचं म्हणजे एक जुनं रेकॉर्डिंग होतं. त्यात हत्ती आला तरी सनई, पाऊस आला तरी सनई. भिंगरीने मात्र दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला सांगून टाकलं, की बगळे आमच्या घरी तयार होताहेत. म्हणजे बघा, शुक्रवारी ते आले नाहीत, तर त्या नाटकात भिंगरीचं म्हणून काहीच उरणार नव्हतं, वर मैत्रिणींची बोलणी खावी लागणार होती ती वेगळीच.

घरी सगळी सोय होती हे बाबांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. झोपायच्या खोलीत कपाटाच्या आडोशाला एक टेबल होतं. त्यावर संगणक, वाद्यांच्या वायरी खुपसायची एक डबी, एक मायक्रोफोन आणि कानावर लावायचे हेडफोन. बाबा भूमापन कार्यालयात नकाशे तपासायचे. केसाएवढी रेघ इकडची तिकडे झाली तर ते नकाशा परत पाठवायचे, आणि कार्यालयात त्यांचा त्याबद्दल मोठा दरारा होता. घरात तो का नव्हता, हे त्यांना कधी कळलं नाही.

सोमवारी संध्याकाळी बाबा आणि भिंगरी यंत्रासमोर बसले. भिंगरीने बटणं फिरवली, बाबांनी पट्ट्या दाबल्या. आधी यंत्र म्हशीसारखं ओरडलं, मग पंक्चर झाल्यासारखं सुस्कारलं, आणि मग गाळणी थोडी मिटल्यावर त्यातून असा एक ओलसर, लांब मानेचा आवाज आला, की दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बगळा सापडला होता.

"आता रेकॉर्ड उद्या," बाबा म्हणाले. "शांतपणे, नीट."

मुलांनो, कुठलीही गोष्ट उद्या नीट करायची असेल, तर आपल्या घरात कोण कोण राहतं ते आधी आठवून बघावं. भिंगरीच्या घरात आत्या राहायची. बाबांची थोरली बहीण. जन्मभर ग्रंथालयात काम केलेलं, त्यामुळे एखादी वस्तू वाकडी दिसली की तिच्या हाताला खाज सुटायची. मंगळवारी सकाळी तिने यंत्रावरची धूळ पुसली, तेव्हा तिला दिसलं, की बटणांची तोंडं भलत्याच दिशांना आहेत. तिने एकेक बटण फिरवून सगळ्यांची तोंडं वर केली. एकदम सरळ रांग. वर बाबांना अभिमानाने दाखवलं. "बघ बाळ्या, कसं पसरून ठेवलं होतंस."

बाबांनी पट्टी दाबली. यंत्रातून बगळ्याऐवजी पिठाची गिरणी बोलली.

"आत्या, बगळा पुसलास तू," भिंगरी म्हणाली.

"मी धूळ पुसली," आत्या म्हणाली. "त्यात बगळा होता हे मला कुणी सांगितलं होतं का?"

बगळा पुन्हा शोधण्यात एक संध्याकाळ गेली. तो सापडला, तेव्हा बाबांनी हेडफोन लावले आणि त्यांना ऐकू आलं, की बगळ्याच्या मागे कुणीतरी सतत गुणगुणतंय. हूंऽऽ असा जाड आवाज. पट्टी सोडली तरी चालूच.

आता विजेच्या वस्तूंमधून अशी गुणगुण कधी कधी येते, आणि ती कुठून येते हे शोधणं म्हणजे लग्नाच्या मांडवात कुणाचं बाळ रडतंय ते शोधण्यासारखं आहे. बाबांनी फ्रिज बंद केला. गुणगुण चालू. ट्यूबलाइट बंद केली. चालू. घड्याळातला सेलसुद्धा काढला, त्याचा काही संबंध नव्हता, पण माणूस एकदा बंद करायला लागला की थांबत नाही. अंधारात खालच्या मजल्यावरचे बँककाका बॅटरी घेऊन वर आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ला भरपूर शिल्लक होता.

"माझं ऐका," ते म्हणाले, "हे परत करा. माझ्या साडूकडे एक आहे, त्यात सगळी वाद्यं येतात. वर घड्याळ पण आहे. तुमच्यात घड्याळ आहे का?"

"यात घड्याळ नसतं, काका."

"मग वेळ कसा कळणार? बरं, ते राहू द्या. गुणगुण ना? ती पाण्याच्या पंपाची. शंभर टक्के."

बाबा तडक इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी चपला काढून, मांडी घालून हिशेब बघत बसले होते.

"पंप बंद ठेवायचा? कशासाठी?"

"गुणगुण येते."

"कुणाला?"

"यंत्राला."

सेक्रेटरींनी चष्मा खाली केला. "अर्ज द्या. कारण लिहा, खासगी गुणगुण. पुढच्या महिन्यात समितीपुढे ठेवू."

"नाटक या आठवड्यात आहे."

"मग नाटक समितीपुढे ठेवा," सेक्रेटरी म्हणाले आणि हिशेबाकडे वळले.

भूमापन कार्यालयात बाबा स्वतः लोकांना असंच काहीतरी सांगायचे, आणि ऐकताना कसं वाटतं ते त्यांना आज प्रथमच समजलं. समजलं, पण पटलं नाही. त्यांनी खाली जाऊन स्वतःच पंपाचं बटण बंद केलं. वर येऊन ऐकलं. गुणगुण जशीच्या तशी. त्या निराशेत पंप चालू करायचं राहून गेलं, आणि फ्रिजही.

बुधवारी सकाळी घरातलं दूध नासलेलं होतं आणि इमारतीच्या टाकीत थेंब नव्हता. बँककाका तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत जिना चढून आले. त्यांना बोलता येत नव्हतं, एरवी त्या गोष्टीचा सगळ्या इमारतीला आनंद झाला असता. ज्यांच्या शेऱ्याला तालुके घाबरायचे, ते भिंगरीचे बाबा त्या सकाळी दोन बादल्या घेऊन जिने चढत होते आणि प्रत्येक दारात "माझीच चूक" असं म्हणत होते. भिंगरीची आई औषधांच्या दुकानात काम करायची. ती कामाला निघता निघता एवढंच म्हणाली, "अहो, आज पंप, उद्या काय बंद करणार आहात ते आधी सांगा. मी बाहेरूनच जेवून येईन."

गुणगुण गेली ती आत्यामुळे. झालं असं, की संध्याकाळी बाबा हेडफोन लावून हताश बसले होते आणि आत्या पुन्हा फडकं घेऊन आली. या वेळी बटणांना हात न लावता तिने फक्त यंत्राची बाजूची पत्र्याची पट्टी पुसली. गुणगुण एकदम थांबली. हात काढला, परत सुरू. हात ठेवला, बंद.

"हलू नकोस," बाबा म्हणाले.

"का? काय चावतंय का?"

"तू अर्थिंग झालीस."

याचं कारण सांगतो. जी वीज भरकटते, तिला जमिनीत जायला वाट लागते. भिंतीतल्या प्लगच्या सॉकेटमध्ये ती वाट मोडलेली असली, तर भरकटलेली वीज वाद्यातच भुणभुणत राहते. आत्याच्या अंगातून तिला थोडी वाट मिळाली. हे यंत्र मोबाइलसारख्या छोट्या अडॅप्टरवर चालणारं होतं म्हणून ठीक, तुम्ही मात्र विजेच्या कुठल्याही वस्तूवर आपली आत्या लावून बघू नका. खरा उपाय सॉकेट दुरुस्त करण्याचा, पण इलेक्ट्रिशियन म्हणाला सोमवारी येतो. तोपर्यंत आत्या.

आत्या स्टुलावर बसली, यंत्रावर एक बोट टेकवून. एका हाताने वाचायला पुस्तक घेतलं, तर पान उलटताना आवाज व्हायचा, म्हणून तेही बंद झालं. "जन्मभर लोकांना शांत बसा म्हणाले," ती म्हणाली, "त्याची ही शिक्षा."

आता खरं काम. बगळे तीन, आणि यंत्र देणार एकच सूर. त्यावर संगणकात युक्ती असते. आधी पहिल्या बगळ्याचा सूर रेकॉर्ड करायचा, मग तो चालू ठेवून त्यावर दुसऱ्याचा थर द्यायचा, मग तिसऱ्याचा. भिंतीला रंगाचे हात देतात ना, तसंच. भिंगरीकडे लाल बटणाचं काम होतं. बाबांनी मान हलवली की तिने ते दाबायचं.

पहिला बगळा छान आला. दुसराही छान आला. तिसरा येईपर्यंत खोलीत उकडायला लागलं, म्हणून बाबांनी पंखा लावला, मग पंख्याचा आवाज येतो म्हणून बंद केला. आणि तिन्ही थर एकदम ऐकले, तर ते एका सुरात बोलणारे बगळे वाटेनात. एकाच बाकावर कोंबलेली, एकमेकांशी कट्टी असलेली तीन मुलं वाटली. यंत्र तापलं तसा त्याचा सूर सरकला होता, वारा लागल्यावर पुन्हा सरकला होता. खालून बँककाकांनी ओरडून विचारलं, की दाराच्या बिजागरीला घालायला तेल देऊ का.

बाबांनी तिन्ही बगळे पुसून टाकले आणि नव्याने घेतले. या वेळी ते भिंगरीला आवडले. आत्यालाही आवडले.

"दुसरा किंचित वर लागलाय," बाबा म्हणाले.

"बाबा, असू दे ना. बाईंना चालेल."

"बाईंना चालेल, मला नाही चालणार." आणि भिंगरी नको नको म्हणत असताना त्यांनी तेही पुसले. मुलांनो, नीट करण्याची आवड चांगली असते. पण तिचा पाय कुणाच्या अंगावर पडतोय, तेही खाली बघावं लागतं. बाबा त्या वेळी पडद्याकडे बघत होते.

गुरुवारची संध्याकाळ म्हणजे शेवटची संध्याकाळ. खिडकी बंद, पंखा बंद, आत्या स्टुलावर, बाबांच्या सदऱ्याला घामाचे नकाशे. पहिला बगळा घेतला, पुसला. परत घेतला. दुसरा घेतला, पहिल्याशी जमेना, दोन्ही पुसले. भिंगरीचं बोट लाल बटणावर दाबून दाबून दुखायला लागलं होतं. शेवटी बाबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"जमणार नाही," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "मी बाईंना फोन करतो. त्यांचं दरवर्षीचं लावतील."

"बाबा, पण मी सगळ्यांना सांगितलंय."

बाबांनी मोबाइल उचलला आणि ते गॅलरीत गेले, आणि नंबर न लावता नुसतेच बाहेर बघत उभे राहिले. ज्याला केसाएवढी चूक दिसते, त्याला ती स्वतःची दिसली की फार दिसते.

खोलीत भिंगरी, आत्या आणि यंत्र. भिंगरीने पट्टीवर बोट ठेवलं. बगळा बोलला. ती ऐकत राहिली. सूर हळूहळू, अगदी मुंगीच्या पावलाने, खाली चालला होता.

"खाली येतोय गं तो," आत्या म्हणाली.

"येऊ दे. याला एकट्यालाच बोलता येतं ना? मग याचं हा बोलेल. बाकीच्या दोघांचं आपण बोलू."

"मला गाता येत नाही."

"बगळ्यालाही येत नाही, आत्या. नुसतं ऊंऽऽ म्हण. तो जाईल तसं त्याच्याबरोबर जायचं."

भिंगरीने मायक्रोफोन ओढून घेतला, लाल बटण दाबलं आणि पट्टी धरली. यंत्राच्या सुरावर तिने आपला बारीक सूर ठेवला. आत्याने आधी घसा खाकरला, मग खालून आपला सूर लावला, थोडा चाचपडत, आणि मग बसला तो. यंत्र खाली सरकलं, तशी भिंगरी सरकली, तशी आत्या सरकली. तीन बगळे एका मागोमाग एक पंख मिटत पाण्याकडे यावेत, तसे ते तीन सूर खाली येत गेले. दुकानातून आलेली आई दारातच थांबली, किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरून. गॅलरीतले बाबा दारापाशी कधी आले, ते कुणाला कळलं नाही.

भिंगरीने पट्टी सोडली आणि लाल बटण पुन्हा दाबलं. आत्याने बोट उचललं, तशी हेडफोनमधून गुणगुण आली, आणि तिने दचकून ते परत ठेवलं.

"ऐकवा जरा," बाबा म्हणाले.

भिंगरीने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मधे एकदा त्यांचा चेहरा असा झाला, की आईने आत्याकडे पाहिलं. पण बाबा शेवटी बाबाच.

"शेवटी सूर पाव पट्टी तरी खाली आलाय."

"सगळ्यांचा एकदमच आलाय," भिंगरी म्हणाली.

"हो. ते आहे." बाबा थांबले. "आणि सुरुवातीला आत्याचा श्वास ऐकू येतो."

"मग काय श्वास न घेता बसू?" आत्या म्हणाली. "आधीच एक बोट तुला देऊन ठेवलंय."

"चांगलं झालंय," बाबा म्हणाले. "फारच चांगलं झालंय. मला तर..." त्यांनी हेडफोनची वायर सरळ केली. मग खुर्ची पुढे ओढली. "फक्त एकदा. आता सगळ्यांना जमलंच आहे, तर खिडकी जरा उघडून एकदाच परत घेऊ. हे पुसून त्याच जागी नवं..."

"अहो," आई म्हणाली.

"एकदाच म्हणतोय."

भिंगरीने काही वाद घातला नाही. तिने टेबलाच्या खणातून पेन ड्राइव्ह काढला, संगणकाला लावला, तीन बगळे त्यात उतरवून घेतले आणि पेन ड्राइव्ह उपसला. "आता संगणकातलं तुम्ही पाहिजे तेवढं नीट करा, बाबा," ती म्हणाली. मग तिने तो पेन ड्राइव्ह कंपासपेटीत टाकला, कंपासपेटी दप्तरात टाकली, दप्तराची चेन ओढली, दप्तर पाठीवर चढवलं, दोन्ही पट्टे घट्ट केले, आणि तशीच जेवायला जाऊन बसली.